विश्लेषण : हिंदुस्थानची सम्राज्ञी दर उन्हाळ्यात एका छोट्या बेटावर का जात असे? राणी व्हिक्टोरियाच्या सुट्टीची कहाणी काय?

युरोपात ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्याचा उत्तरार्ध. आपल्याकडे त्या वेळी पावसाळा सुरू असतो. तिकडे मात्र लोक कामे बाजूला ठेवून समुद्रकिनारी जातात. श्रीमंतांनी तर त्यासाठी खास बेटे निवडली आहेत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे आइल ऑफ वाइट हे अशा बेटांपैकी एक जुने नाव. या बेटाला प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने राणी व्हिक्टोरियामुळे. मुंबईतले मुख्य रेल्वे स्थानक जिच्या नावाने शंभराहून अधिक वर्षे ओळखले गेले, ती राणी अर्धशतकाहून अधिक काळ उन्हाळ्यातले काही आठवडे या बेटावर घालवत असे. राजवाड्यापासून दूर, नवरा-मुलांसोबत निवांत राहता यावे म्हणून घेतलेल्या या घराने पुढे तिला प्रजेच्या रोषाचे धनीही केले. ही सुट्टी नेमकी कशी होती, ती वादात का सापडली आणि तिचा भारताशी, पुण्याशी काय संबंध आला, याचा आढावा.

राणीला वेगळे घर का हवे होते?

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन पॅलेसमध्ये झाला. ती आठ महिन्यांची असताना वडील वारले. पुढे आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांच्या कडक पहाऱ्यात तिचे बालपण गेले. जिना उतरतानाही कोणाचा तरी हात धरावा लागे. झोपायचे ते आईच्याच खोलीत. समवयस्क मुलांची सोबत जवळपास नव्हतीच. २० जून १८३७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी ती राणी झाली आणि तेव्हा कुठे तिला स्वतःची स्वतंत्र खोली मिळाली.

१८४० मध्ये तिचे जर्मन राजपुत्र अल्बर्टशी लग्न झाले. पुढच्या पाच वर्षांत चार मुले झाली. राहायला बकिंगहॅम पॅलेस होता, विंडसरचा किल्ला होता, ब्रायटनला समुद्राजवळ पॅव्हेलियन होते. पण ही सारी घरे राजसत्तेची होती. तिथल्या दुरुस्तीपासून बागेपर्यंत सरकारी खात्यांचा हात असे. ब्रायटन शहर तर इतके वाढले होते, की राणी फिरायला बाहेर पडली की लोकांचा घोळका मागे लागे. मुलांना घेऊन वाळूत बसणेही शक्य नव्हते. म्हणून स्वतःच्या मालकीचे, स्वतःच्या पैशांनी घेतलेले घर असावे, असे या जोडप्याने ठरवले.

आइल ऑफ वाइटच का?

हे बेट सुमारे ३८० चौरस किलोमीटरचे आहे. सोलेंट नावाची अरुंद खाडी त्याला इंग्लंडच्या मुख्य भूमीपासून वेगळे करते. म्हणजे लंडनपासून फार दूर नाही, तरीही मध्ये पाणी असल्याने गर्दीला अटकाव. व्हिक्टोरियाला हे बेट ओळखीचे होते. १८३१ आणि १८३३ मध्ये ती आईबरोबर इथल्या नॉरिस कॅसलमध्ये राहिली होती. त्याच्याच शेजारची ऑस्बोर्न ही मालमत्ता उपलब्ध असल्याचे कळले. तत्कालीन पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी या शोधात मदत केली.

१८४४ मध्ये हे घर आधी चाचणीसाठी भाड्याने घेतले गेले आणि १८४५ मध्ये विकत. राजदंपतीने पुढे आजूबाजूची जमीन घेत मालमत्ता दोन हजार एकरांपर्यंत वाढवली. ब्रायटनचे पॅव्हेलियन १८५० मध्ये तिथल्या नगरपालिकेला विकले गेले.

लंडनहून निघाले की रेल्वेने गॉस्पोर्टच्या गोदीपर्यंत यायचे, तिथे राणीसाठी बांधलेल्या खास स्थानकावर उतरायचे आणि राजनौकेने खाडी ओलांडायची, असा हा प्रवास होता.

ऑस्बोर्न हाऊस कसे उभे राहिले?

जुने घर लहान पडत होते. ते पाडून नवे बांधायचे ठरले. आराखडा अल्बर्टने लंडनचे नामांकित बांधकाम व्यावसायिक थॉमस क्युबिट यांच्यासोबत केला. नावाजलेला वास्तुविशारद न नेमता थेट बांधकाम करणाऱ्याला हाताशी धरणे त्या काळच्या राजघराण्यासाठी वेगळेच होते. त्यामुळे काम मात्र झपाट्याने झाले. जून १८४५ मध्ये पायाभरणी झाली आणि सप्टेंबर १८४६ मध्ये कुटुंब मुख्य भागात राहायलाही आले. उर्वरित इमारत १८५१ पर्यंत पूर्ण झाली.

सोलेंटचे निळे पाणी पाहून अल्बर्टला इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराची आठवण होई. म्हणून घरही इटालियन धाटणीचे झाले. दोन उंच मनोरे, कारंजी, पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरत जाणारी बाग. आतमध्ये मात्र दोघांच्या बसायच्या खोलीत शेजारी शेजारी ठेवलेली दोन मेजे होती. राणी आणि तिचा नवरा तिथे एकमेकांशेजारी बसून काम करत. ती मेजे आजही तिथे पाहता येतात.

सुट्टीतला दिवस कसा जाई?

जुलैच्या मध्यानंतर बेटावर यायचे आणि ऑगस्टच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलकडे निघायचे, असा क्रम पुढे रूढ झाला. हवा बरी असेल तर राणी झाडाखाली किंवा तंबूत बसून न्याहारी करी. दुपारी घोडागाडीतून फेरफटका, संध्याकाळी गच्चीवरून समुद्राचे दर्शन.

३० जुलै १८४७ रोजी व्हिक्टोरियाने आयुष्यात पहिल्यांदा समुद्रस्नान केले. तेव्हा ती २८ वर्षांची होती. त्यासाठी चाकांवरची एक लाकडी खोली होती. ती रुळांवरून उतारावर सोडली जाई. आत कपडे बदलायचे आणि पडद्याआडून थेट पाण्यात उतरायचे. राणीला कोणी पाहू नये, याची ती व्यवस्था होती.

मुलांसाठी अल्बर्टने बागेत स्विस कॉटेज उभारले. ते १८५४ मध्ये तयार झाले. तिथे छोटे स्वयंपाकघर होते. मुली केक, बिस्किटे करायला शिकत आणि आई-वडिलांना चहाला बोलावत. प्रत्येक मुलाला भाजीचा वेगळा वाफा, स्वतःच्या नावाची आद्याक्षरे असलेली फावडी आणि हातगाडी मिळे. पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घेई. श्रमाची किंमत मुलांना कळावी, हा हेतू.

राणीमुळे बेटावर प्रतिष्ठितांची ये-जा वाढली. जवळच्या काउझ बंदरात ऑगस्टमध्ये होणाऱ्या शिडाच्या नौकांच्या शर्यती उच्चभ्रूंचा वार्षिक सोहळाच झाल्या. २२ ऑगस्ट १८५१ रोजी बेटाला वळसा घालणारी शर्यत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने जिंकली. ‘अमेरिका कप’ ही जगप्रसिद्ध स्पर्धा त्यातूनच पुढे आली. त्या दिवशी राणी आपल्या नौकेवर उपस्थित होती. राजकवी टेनिसन यांनीही १८५३ पासून याच बेटावर घर केले होते.

ही खरोखर सुट्टी होती का?

पूर्णपणे नाही. सरकारी कागदांच्या पेट्या रोज खाडी ओलांडून येत. राणीच्या सहीशिवाय अनेक नेमणुका आणि आदेश अडत. मंत्र्यांना रेल्वे आणि बोटीने बेटावर यावे लागे. प्रिव्ही कौन्सिलच्या बैठकाही इथे भरत.

१८५७ चा ऑगस्ट याचे ठळक उदाहरण आहे. त्या महिन्यात फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन आणि सम्राज्ञी युजेनी ऑस्बोर्नला पाहुणे म्हणून आले. मेजवान्या, नौकाविहार झाले. त्याच दिवसांत दिल्लीला ब्रिटिश फौजांचा वेढा होता आणि उत्तर हिंदुस्थान उठावाने पेटला होता. तिकडच्या बातम्या इंग्लंडला पोहोचायला कित्येक आठवडे लागत. त्यामुळे बेटावर वाचली जाणारी प्रत्येक बातमी आधीच जुनी झालेली असे. पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट १८५८ रोजी कंपनी सरकारचा कारभार संपवणारा कायदा मंजूर झाला आणि हिंदुस्थानची सत्ता राणीच्या नावे आली.

१८६१ नंतर काय बदलले?

१४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरला अल्बर्टचा मृत्यू झाला. तो अवघा ४२ वर्षांचा होता. अंत्यसंस्कारांसाठी न थांबता राणीला काही दिवसांतच ऑस्बोर्नला नेण्यात आले. ज्या घरात दोघे शेजारी बसून काम करत, तिथे ती एकटी परतली. त्यानंतर ती मरेपर्यंत, जवळपास ४० वर्षे, काळ्या कपड्यांतच राहिली. १ जुलै १८६२ रोजी राजकन्या ॲलिसचे लग्न ऑस्बोर्नच्या भोजनगृहात झाले. पण घरातले सुतक काही सुटले नव्हते.

इथून पुढे सुट्टीचा अर्थ बदलला. आधी राणी कामातून विसावा घ्यायला बेटावर येई. आता ती लोकांसमोर जाणे टाळण्यासाठी येऊ लागली. उन्हाळा आणि नाताळ ऑस्बोर्नला, वसंत आणि शरद बाल्मोरलला, असे तिचे वर्ष ठरून गेले. लंडनमध्ये ती क्वचितच दिसे. संसदेच्या उद्घाटनाला ती १८६६ पर्यंत गेलीच नाही. १८६४ मध्ये तर बकिंगहॅम पॅलेसच्या कुंपणावर, आधीच्या मालकाचा धंदा बसल्याने वास्तू भाड्याने देणे आहे, अशा आशयाचा चेष्टेचा फलक लागला होता.

कागदोपत्री काम मात्र थांबले नव्हते. पेट्या येत होत्या, सह्या होत होत्या. पण राणी काम करते, हे प्रजेला दिसत नव्हते. राजपद लोकांच्या नजरेसमोर असावे लागते, ही गोष्ट तिला पटत नव्हती किंवा झेपत नव्हती.

१८७१ चा वाद काय होता?

हा रोष १८७१ च्या उन्हाळ्यात टिपेला पोहोचला. फ्रान्समध्ये नुकतेच प्रजासत्ताक आले होते. ब्रिटनमध्येही अनेक शहरांत प्रजासत्ताकवादी मंडळे निघाली होती. राणीला वर्षाला ३ लाख ८५ हजार पौंड मिळतात, ते ती कशावर खर्च करते, असा जाब विचारणारी पुस्तिका गाजत होती. त्यातच राजकन्येला लग्नानिमित्त आणि राजपुत्राला वयात आल्याबद्दल मिळणाऱ्या भत्त्यांचे प्रस्ताव संसदेपुढे होते.

ऑगस्टमध्ये संसदेचे अधिवेशन लांबले. ते संपेपर्यंत राणीने दक्षिणेतच थांबावे, बाल्मोरलला जाण्याची घाई करू नये, अशी विनंती पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी केली. राणी ऑस्बोर्नला होती. तब्येत ठीक नाही आणि कामाचा ताण असह्य आहे, असे सांगून तिने नकार दिला आणि ठरल्याप्रमाणे ती उत्तरेकडे रवाना झाली. तब्येतीचे हे कारण अनेकांना बहाणाच वाटला. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली.

पण बाल्मोरलला पोहोचल्यावर राणी खरोखरच गंभीर आजारी पडली. काखेत मोठे गळू झाले. प्रसिद्ध शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांना बोलावून ते कापावे लागले. पाठोपाठ युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणाच्या दारात पोहोचला. वडिलांच्या मृत्यूला दहा वर्षे होत असतानाच तो बरा होऊ लागला. फेब्रुवारी १८७२ मध्ये त्याबद्दल लंडनमध्ये जाहीर प्रार्थना झाली, तेव्हा रस्त्यावर प्रचंड गर्दी लोटली. प्रजासत्ताकाची चर्चा विरली. राणीची सुट्टी चालूच राहिली.

बेटावर हिंदुस्थान कसा आला?

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. ती स्वतः हजर नव्हती. किंबहुना ती आयुष्यात कधीच हिंदुस्थानात आली नाही. मग हिंदुस्थानच ऑस्बोर्नला आणला गेला.

१८८७ मध्ये, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, दोन हिंदुस्थानी सेवक तिच्याकडे रुजू झाले. त्यातला एक अब्दुल करीम. आग्र्याच्या तुरुंगात कारकुनी केलेला २४ वर्षांचा तरुण. त्या उन्हाळ्यात ऑस्बोर्नला असतानाच ६८ वर्षांच्या राणीने त्याच्याकडून हिंदुस्थानी, म्हणजे उर्दू, शिकायला सुरुवात केली. हा अभ्यास तिने पुढे अखेरपर्यंत चालू ठेवला. तिच्या जेवणात सालन-भात येऊ लागला. करीमला ‘मुन्शी’ ही पदवी आणि ऑस्बोर्नसह तिन्ही ठिकाणी राहायला घर मिळाले. दरबारातल्या इंग्रजांना हे खपले नाही. एका साध्या हिंदुस्थानी माणसाला आपल्या बरोबरीचे स्थान मिळते, याचा त्यांना संताप होता. राणीने मात्र त्याची बाजू सोडली नाही.

१८९० च्या सुमारास घराला नवी बाजू जोडली गेली. त्यात भव्य दरबार हॉल झाला. लाहोरच्या मेयो कलाशाळेतले कारागीर भाई राम सिंग यांनी ऑस्बोर्नला राहून त्याची सजावट केली. छतापासून भिंतींपर्यंत पांढरे नक्षीकाम, शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर. या कामात मार्गदर्शन होते लॉकवुड किपलिंग यांचे. लाहोरला जाण्यापूर्वी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. त्यांचे पुत्र, लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईतलाच. हॉलकडे जाणाऱ्या मार्गिकेत चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा यांनी रंगवलेली विणकर, कुंभार, शिपाई अशा साध्या हिंदुस्थानी माणसांची चित्रे लावली गेली.

पुण्याशी संबंध कसा येतो?

वर्ष १८९७. राणीच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव २२ जून रोजी साम्राज्यभर साजरा झाला. पुण्यातला सोहळा गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात होता. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात जिथे मुक्कामाला येई, तीच ही वास्तू. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. शहर तेव्हा प्लेगने आणि प्लेगच्या नावाखाली झालेल्या घरझडत्यांनी होरपळले होते. सोहळ्याहून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचे कृत्यही दामोदर चापेकरांनी आदल्या वर्षी केले होते.

२७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लिखाणावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. १४ सप्टेंबरला त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. खटला चालला तो राणी-सम्राज्ञीच्याच नावाने. जुलै-ऑगस्ट हे राणीचे नेहमीचे ऑस्बोर्नचे दिवस. निर्णय घेणारे अधिकारी आणि न्यायाधीश इथले होते, त्यात तिचा प्रत्यक्ष हात नव्हता. पण तिच्या नावाने चालणारे राज्य पुण्यात कसे अनुभवाला येते आणि बेटावरच्या दरबार हॉलमधून कसे दिसते, यातले अंतर त्या उन्हाळ्यात उघड झाले. हॉलमध्ये मोर होता, कारागिरी होती, प्रेमळ मुन्शी होता. प्लेग आणि झडत्या नव्हत्या.

शेवट कसा झाला?

डिसेंबर १९०० मध्ये राणी नाताळसाठी ऑस्बोर्नला आली. दृष्टी मंदावली होती, चालणे अवघड झाले होते. २२ जानेवारी १९०१ रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, वयाच्या ८१ व्या वर्षी तिने इथेच प्राण सोडला. मुलांसह नातू, म्हणजे जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म, तिच्याजवळ होता. ६३ वर्षे ७ महिन्यांची कारकीर्द संपली. ज्या भोजनगृहात ॲलिसचे लग्न झाले होते, तिथेच शवपेटी ठेवली गेली. १ फेब्रुवारी रोजी ‘अल्बर्टा’ नौकेने युद्धनौकांच्या रांगांमधून ती खाडीपलीकडे नेली.

घराचे पुढे काय झाले?

ऑस्बोर्न कुटुंबातच राहावे, अशी राणीची इच्छा होती. पण सातव्या एडवर्डला या घराची ओढ नव्हती. १९०२ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी त्याने ते राष्ट्राला देऊन टाकले. बहिणींना ते रुचले नाही. त्याने अब्दुल करीमकडची राणीची पत्रेही जाळायला लावली आणि त्याला हिंदुस्थानात परत पाठवले. करीम १९०९ मध्ये आग्र्याला वारला. राणीने उर्दूत लिहिलेल्या वह्या मात्र वाचल्या.

घराच्या काही भागात आजारी लष्करी अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृह झाले. आवारात १९०३ ते १९२१ या काळात नौदलाचे महाविद्यालय चालले. राणीच्या खासगी खोल्या १९५४ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या परवानगीने लोकांसाठी खुल्या झाल्या. १९८६ पासून या वास्तूची देखभाल ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था करते. राणीचा खासगी किनाराही २०१२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तिच्या स्नानाची चाकांवरची खोली तिथेच ठेवली आहे. ज्या वाळूवर राणीला कोणी पाहू नये म्हणून एवढी व्यवस्था केली होती, तिथे आता उन्हाळ्यात तिकीट काढून आलेले पर्यटक मुलांना घेऊन निवांत बसलेले असतात.